दगडी निवडुंगाचं ड्रेसिंग

आमच्या बाल्कनीत एक निवडुंग आहे. तो निवडुंग आहे हे सांगावं लागतं, कारण त्याला एकही काटा नाही. राखाडी-हिरवे जाड त्रिकोणी तुकडे एकमेकांना चिकटून झालेली एक चपटी चांदणी, मधोमध चिमूटभर कापूस, बाकी सगळा दगड. मेक्सिकोच्या वाळवंटात तो दगडधोंड्यांमध्येच वाढतो आणि पाऊस नसला की आक्रसून जमिनीत आणखी खाली जातो. तिथल्या जनावरांनाही म्हणे तो दिसत नाही. आमच्याकडे येणाऱ्या माणसांनाही दिसत नाही. कामाच्या मावशींनी तर पहिले तीन दिवस त्यावर कपड्यांचे चिमटे ठेवले. कुंडी रिकामी आहे, अशी त्यांची समजूत.

तो मला वरच्या मजल्यावरच्या मेशोमशायांनी दिला. मेशोमशाय म्हणजे मावशीचे यजमान. आमचं नातंगोतं काही नाही, पण इथे वडीलधाऱ्या शेजाऱ्याला असंच काहीतरी म्हणतात, आणि ते मला बौमा, म्हणजे सूनबाई म्हणतात. नवऱ्याच्या बदलीपायी आम्ही डमडमला राहायला आलो तेव्हा लिफ्टमध्ये विटांचा चुरा घेऊन चढणारा हा माणूस मला आधी गवंडी वाटला होता. ते निवृत्त प्राध्यापक निघाले. गच्चीवर प्लास्टिकच्या छपराखाली त्यांनी शंभर-दीडशे निवडुंग सांभाळले होते. कलकत्त्याच्या घामट हवेत वाळवंटातली झाडं वाढवायची म्हणजे निव्वळ हट्ट. मला तो हट्ट आवडला. मी स्वतः त्या बाबतीत कमी नाही.

दोन वर्षं मी रविवारी सकाळी त्यांच्या हाताखाली राबले. विटेचा चुरा चाळला, जाड वाळू धुतली, कोळसा फोडला. मग एका रविवारी त्यांनी हा दगड माझ्या हातात ठेवला. बी पेरल्याला बारा वर्षं झाली होती आणि तो जेमतेम माझ्या तळहाताएवढा होता. सूचना एकच होती: पाणी कमी, आणि पावसाळ्यात तर थेंबही नाही. खाली त्याला मुळ्यासारखं जाडजूड मूळ असतं, ते सडलं की खेळ खलास. त्या वर्षी दुर्गापूजेच्या सुमाराला मधल्या कापसातून एक गुलाबी फूल वर आलं आणि दोन दिवस टिकलं. पोट दुखतंय सांगून मी ऑफिसला दांडी मारली आणि खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःचा डबा स्वतः भरून घेतला. शहाणा माणूस आहे.

न्यू टाउनला एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. इतरांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. हा गुण घरी आणू नये, पण तो काही ऑफिसच्या कपाटात ठेवून येता येत नाही. माझी जीभ लगेच सुटते. सुटल्यावर वाईट वाटतं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माझे सासरे आमच्याकडे आले. आले म्हणजे नवऱ्याने जाऊन त्यांना आणलं. सासूबाई गेल्यापासून बाबा साताऱ्याच्या घरात एकटे राहत होते, आणि थंडीत एकदा बाथरूममध्ये पडले ते दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून होते. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, दूधवाल्याने सांगितलं. ते येणार म्हटल्यावर मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही. दोन खोल्यांचं घर, माझ्या वेळा, माझा स्वभाव. पण त्यांना परत एकटं सोडायचं नाही, याबद्दल माझ्याही मनात शंका नव्हती.

बाबा चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, पू काढणं, पट्ट्या बांधणं. आयुष्यभर माणसांच्या गर्दीत उभा राहिलेला हा माणूस डमडमच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन एकदम रिकामा झाला. बंगाली येत नाही, हिंदी सातारी. खाली उतरले तर दोन शब्द बोलायला कुणी नाही. पेपरवाला मराठी पेपर आणत नाही. आम्ही दोघं साडेआठला बाहेर पडायचो ते संध्याकाळी सातला उगवायचो. मधल्या वेळात बाबा काय करत होते, हे मी विचारलंच नाही. खरं सांगायचं तर ते काही कुरकुर करत नव्हते, यातच मी खूश होते.

ते पूजा करत, एवढं ठाऊक होतं. पूजा आधी सासूबाई करायच्या. त्यांच्यामागे बाबांनी ती उचलली होती आणि देव एका पत्र्याच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, रेल्वेने सोबत आणले होते. आता देवांना घातलेलं पाणी मोरीत ओतायचं नसतं, ते पायाखाली येऊ द्यायचं नसतं, ते झाडाला घालायचं असतं. साताऱ्याला ते तुळशीला जायचं. आमची तुळस आदल्या हिवाळ्यातच गेली होती. मेक्सिकोचा निवडुंग जगवणाऱ्या बाईच्या हातून तुळस मरते, हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. ताम्हनातलं पाणी आता कुठे जातं, हा प्रश्न मला पडला नाही.

श्रावणात मला एका शुक्रवारी घरूनच काम होतं. सकाळी बाल्कनीत गेले तर दगडाच्या कुंडीवर मुंग्यांची रांग. वाकून पाहिलं तर आंबूस वास, दही नासल्यासारखा. बोटाने दाबलं तर चांदणीचा एक कोपरा मऊ लागला. तेवढ्यात बाबा आतून ताम्हन घेऊन आले. श्रावण म्हणून रोज पंचामृताचा अभिषेक चालला होता: दूध, दही, मध, साखर, तूप. ते सगळं पाणी, महिनोन्‌महिने साधं आणि श्रावणात पंचामृतासकट, रोज या निवडुंगाच्या डोक्यावर पडत होतं. बाबा माझ्यादेखत तेच करायला निघाले होते, अगदी निरागसपणे.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. बारा वर्षं, दोन वर्षं, मेशोमशाय, विश्वास, असं बरंच. शेवटचं वाक्य मात्र आठवतं.

"बाबा, तुम्हाला दुसरं काही काम नाही का?"

"नाही ना," बाबा म्हणाले.

ते चिडून म्हणाले नाहीत. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. मग ताम्हन घेऊन आत गेले आणि देवघरापाशी बसून राहिले. ते पाणी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसंच ताम्हनात होतं. मी लॅपटॉपसमोर बसले आणि दिवसभर एकही चूक सापडली नाही, कारण मला स्क्रीन दिसतच नव्हता.

संध्याकाळी नवरा घरी आल्यावर बाबांनी त्याला परतीचं तिकीट काढायला सांगितलं. घर फार दिवस बंद आहे, वाळवी लागेल, असं कारण दिलं. माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. नवऱ्याने सगळं ओळखलं. त्याने पुढच्या रविवारचं हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं आणि त्यानंतर माझ्याशी फक्त मीठ, डबा, किल्ली असे एकेक शब्द बोलला. मला ती बाथरूमची फरशी दिसत होती. माझ्या एका वाक्यामुळे हा माणूस तिथे परत चालला होता. माफी मागावी हे कळत होतं, पण मला माफी मागता येत नाही. शब्द ओठापर्यंत येतात आणि मी विचारते, चहा टाकू का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर जाऊन मेशोमशायांना सगळं सांगितलं. दुधाचं ऐकून ते आधी हसले, मग गंभीर झाले आणि खाली आले. आमच्या जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून त्यांनी निवडुंग कुंडीतून काढला. खालचं मूळ अर्धं तपकिरी झालं होतं आणि हात लावला तिथे सुटत होतं. कापावं लागेल, ताबडतोब, असं ते म्हणाले आणि त्यांनी सुरी उचलली. पण त्यांचा हात थरथरतो. त्यांनी सुरी माझ्यापुढे केली. मी ती मुळाला टेकवली आणि परत खाली ठेवली.

बाबा दारात उभे होते. कधी आले कळलं नाही.

"हे गँगरीन आहे," ते म्हणाले. "वर चढायच्या आत काढलं पाहिजे. नवं ब्लेड आण आणि स्पिरिट आहे का बघ."

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, बाह्या दुमडल्या, चष्मा नाकावर खाली घेतला. मग पातळ चकती कापायची, ब्लेड स्पिरिटने पुसायचं, पुन्हा चकती. प्रत्येक चकतीनंतर ते मुळाचा कापलेला भाग उजेडाकडे धरून बघायचे. मधल्या पांढऱ्यात तपकिरी ठिपके होते, ते कमी कमी होत गेले. मी इतकी वर्षं या माणसाला पानावर बसलेलं आणि पेपर वाचताना पाहिलं होतं. त्यांना काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मूळ बोटभरही उरलं नाही तेव्हा आतला भाग स्वच्छ पांढरा दिसला आणि बाबांनी ब्लेड खाली ठेवलं.

मग भांडण झालं. बाबांना जखमेवर हळद हवी होती. मेशोमशायांना त्यांची बुरशीनाशक पावडर हवी होती. एक सातारी हिंदीत बोलत होते, एक बंगाली हिंदीत, आणि दोघांनाही समोरच्याचं म्हणणं अडाणीपणाचं वाटत होतं एवढं स्पष्ट कळत होतं. पावडर जिंकली. मेशोमशाय हात धुवायला गेले तेव्हा बाबांनी डब्यातली चिमूटभर हळदही वर लावली. मी पाहिलं आणि गप्प बसले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार नाहीत.

मेशोमशाय हात पुसत परत आले तेव्हा बाबांनी मला मराठीत हळूच सांगितलं, "बाकी सगळ्या कुंड्यांना तू पाणी घालायचीस. याला कुणीच विचारत नव्हतं. मला वाटलं, विसरलीस."

मला फार लाज वाटली. निवडुंगाबद्दल नाही.

त्यानंतर बाबांनी मेशोमशायांना विचारलं, पेशंट बरा व्हायला किती दिवस. तीन आठवडे कोरडा ठेवायचा, मग वाळूत बसवायचा, मग मूळ फुटायला दोन महिने लागतील, सहा लागतील, कदाचित फुटणारच नाही, असं उत्तर मिळालं. बाबांनी ते पेपराच्या कडेवर लिहून घेतलं. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला तिकीट रद्द करायला सांगितलं. ड्रेसिंग अर्धवट टाकून ड्रेसरला जाता येत नाही, मूळ धरलं की जाईन, असं म्हणाले. मी त्या रात्री जेवायला ज्वारीच्या भाकऱ्या आणि भरलं वांगं केलं. माझ्या भाकऱ्या फुगत नाहीत. बाबांनी तीन खाल्ल्या.

तीन आठवडे निवडुंग फ्रिजवर, पेपरवर, पंख्याखाली उताणा पडून होता. बाबा रोज सकाळी भिंगातून कापलेली जागा तपासायचे आणि मला तिचा हालहवाल सांगायचे. गणपती गेल्यावर आम्ही तो जाड वाळूत बसवला. मेशोमशायांनी ताकीद दिली, उपटून बघायचं नाही. पंधरा दिवसांतून एकदा दोन बोटांनी धरून अगदी हलकेच ढकलायचं. हलला तर मूळ नाही, अडला तर धरलं. हे काम बाबांनी माझ्याकडे दिलं. माझा हात नको आता त्याला, असं म्हणाले, आणि मी कितीही आग्रह केला तरी ऐकले नाहीत.

पण तोवर मेशोमशायांना बाबांच्या हाताची किंमत कळली होती. गच्चीवरच्या निवडुंगांना पांढरी कापशी कीड लागते, ती खाचांतून काढायची तर हात स्थिर लागतो. बाबा रोज दहा वाजता वर जाऊ लागले. नवऱ्याने एस्प्लनेडच्या फुटपाथवरून त्यांना घड्याळवाल्यांचा बारीक चिमटा आणून दिला. एका हातात चिमटा, दुसऱ्यात स्पिरिटचा बोळा, शेजारी मेशोमशाय स्टुलावर बसून पेपरातल्या बातम्या सांगताहेत. भाषा कोणती, ते त्या दोघांनाच माहीत. गच्चीवर बाबांनी एक तुळसही लावली. देवांचं पाणी तिला मिळू लागलं आणि ती माजली. सातच्या ऐवजी मी साडेसहाला घरी येऊ लागले, कारण बाबांकडे सांगण्यासारखं काहीतरी असायचं, आणि ते मला ऐकायचं असायचं.

शरदात निवडुंगाला फूल आलं नाही, येणार नव्हतंच. तो सुरकुतला, आणखी चपटा झाला. पंधरा दिवसांनी मी बोट लावायची, तो डुगडुगायचा. आतून बाबा विचारायचे, "काय म्हणतंय?" मी सांगायची, "हलतंय अजून." कालीपूजा झाली की मेशोमशाय हिवाळाभर मुलीकडे बंगळुरूला जातात. जाताना त्यांनी गच्चीची किल्ली बाबांकडे दिली.

ते जाण्याच्या गडबडीत होते त्याच दिवाळीत, भाऊबिजेच्या सकाळी, मी बाल्कनी पुसता पुसता निवडुंगाला बोट लावलं. तो हलला नाही. पुन्हा लावलं, थोडं जोरात. वाळू जराशी चरचरली, तो जागचा ढळला नाही. मूळ धरलं होतं. मला इतका आनंद झाला की फडकं हातातून पडलं, आणि लगेच बाबांचं वाक्य आठवलं. मूळ धरलं की जाईन.

"काय म्हणतंय?" आतून आवाज आला.

"हलतंय अजून," मी म्हणाले.

चुका शोधून पगार घेणाऱ्या बाईने धडधडीत खोटा रिपोर्ट दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा दिला. मग पुन्हा. दर वेळी वाटायचं, हे बरोबर नाही, त्यांचं घर आहे, त्यांना जायचं असेल तर मी कोण अडवणारी. दर वेळी तोंडातून तेच यायचं. बाबा शांतपणे म्हणायचे, होईल सावकाश, वेळ लागतो. साताऱ्याहून चुलत दिरांचा फोन आला, कधी परत येताय म्हणून, तर त्यांनाही त्यांनी सांगितलं की इथे एक पेशंट आहे, त्याला सोडून येता येत नाही. संक्रांत झाली. निवडुंगाच्या सुरकुत्या भरून यायला लागल्या. बाबांना दिसू नये म्हणून मी कुंडी बाकीच्या कुंड्यांमागे सरकवून ठेवली.

फाल्गुनात मेशोमशाय परत आले. बॅगा वर ठेवून पहिले आमच्याकडे आले, सरळ बाल्कनीत गेले, दोन बोटांनी निवडुंग धरला आणि ढकलला. मग त्याच बोटांनी अलगद वर उचलला, तर त्याच्याबरोबर वाळूसकट अख्खी कुंडी उचलली गेली. मधल्या कापसात नवी कोवळी टोकं आली होती, तीही त्यांनी दाखवली. हे काही आजचं नाही, तीन-चार महिने झाले असणार, असं ते मोठ्याने म्हणाले, आणि मग त्यांनी विचारलं, इतके दिवस कुणी हात लावून पाहिलंच नाही का.

मी म्हणाले की पाहत होते, मला समजलं नसेल. माझा चेहरा खोटं बोलताना लाल होतो, तो झाला. मेशोमशायांनी मान हलवली, नवशिक्यांचं असंच होतं म्हणाले आणि चहा पिऊन वर गेले. बाल्कनीत आम्ही दोघंच उरलो. बाबा चष्मा पुसत होते. आता ते तिकिटाचं काढतील म्हणून मीच आधी बोलले. बाबा, जाऊ नका, असं म्हणाले. हे तीन शब्द बोलायला मला सात महिने लागले होते. मग म्हटलं, मी खोटं सांगत होते, दिवाळीपासून.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "संक्रांतीला मी हात लावून बघितला होता."

संक्रांतीपासून चार वेळा तरी त्यांनी मला विचारलं होतं, काय म्हणतंय म्हणून, आणि चारही वेळा माझं उत्तर ऐकून मान हलवली होती. कळलं होतं तर मग विचारत कशाला होतात, असं मी म्हणाले.

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि निवडुंगाकडे बघत म्हणाले, "तू काय सांगतेस, ते ऐकायचं असायचं."